बंब पेटवला का?

ऑक्टोबर ते एप्रिल, आमच्या घरात रात्री झोपायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो. "बंब पेटवला का?" घर कॅनडातल्या एडमंटनमध्ये आहे. बंब नावाची वस्तू या गावात बहुतेकांनी पाहिलेलीही नसेल आणि आमच्याही घरात ती नाही. तरी बायको मला विचारते, मी लेकीला विचारतो. गाडीच्या जाळीतून बाहेर लोंबणारी काळी वायर भिंतीवरच्या सॉकेटात खोचली का, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. महाराष्ट्रात थंडी पडली की पहिलं नाव निफाडचं निघतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. दोन-तीन अंशांवर आला की बागायतदाराची झोप उडते, कारण थंडीने मणी तडकतात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, धूर बागेवर धरून ठेवायचा. नानांकडे एक जुनी डिझेल जीप होती. बॅटरी थकलेली, हीटर प्लग कधी चालायचे, कधी नाही. पण पहाटे पाचला ती निघालीच पाहिजे, माल वाट बघत नाही. म्हणून नाना रात्रीच दोन कामं उरकून ठेवत. घरामागच्या चढावर जीप नेऊन तिचं तोंड उताराला करून लावत आणि पुढच्या चाकाखाली दगड देत. कडाका जास्त असला तर रेडिएटरची तोटी सोडून पाणी काढून टाकत. पहाटे आई बंब पेटवायची, त्यातलं पाणी बादलीने रेडिएटरमध्ये जायचं. उकळतं नाही. हात बुडवता येईल इतपतच. "लोखंडाला एकदम चटका दिला तर तेही तडकतं," नाना म्हणायचे. पाच मिनिटं थांबायचं. मग मी दगड काढायचो, जीप उतारावर सुटायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की दोन हिसके देऊन जागी व्हायची. आंघोळीचं पाणी आधी गाडीला मिळायचं, मग आम्हाला.

उद्या सकाळी गाडी कशी वागेल ते आज रात्री ठरतं, हे मी त्या चढावर शिकलो होतो. पुढे शहरात आलो, नवीन गाड्या आल्या, चावी फिरवली की सुरू. शिकलेलं विसरून गेलो. इथे आल्यावर ते पुन्हा शिकावं लागलं, आणि ज्या रीतीने शिकावं लागलं ती रीत कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

एडमंटनमध्ये जानेवारीतल्या रात्री उणे वीस ही नेहमीची गोष्ट आहे. उणे तीस दर हिवाळ्यात काही दिवस मुक्कामाला येतं. कधी कधी उणे चाळीसही. त्या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, म्हणजे अमेरिकेतल्या भावाला फोनवर वेगळं काही सांगावं लागत नाही. अशा थंडीत रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी बसलं की सीट लाकडी बाकासारखी लागते. स्टिअरिंग जड फिरतं. टायर रात्रभर जिथे टेकले होते तिथे चपटे होऊन बसलेले असतात, त्यामुळे पहिली पाचेक मिनिटं चाकं चौकोनी असल्यासारखी गाडी धपधपत जाते. वायपर उचलायला जावं तर रबर काचेलाच राहतं.

ही झाली वरवरची लक्षणं. आत इंजिनात चाललेलं असतं ते जास्त गंभीर. ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. डब्यावर 'झिरो डब्ल्यू ट्वेंटी' असं जे लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा, विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. ऑइल घट्ट झालं म्हणजे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली असते. बॅटरीच्या अंगावर सीसीए म्हणून एक आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशांना ती ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, त्याचा तो आकडा. भारतात बॅटरी घेताना मी वॉरंटी किती महिन्यांची एवढंच बघायचो. इथे आधी हा आकडा बघतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळपास पाणीच झालेलं असतं, ते उणे दहाच्या आसपासच गोठतं आणि बॅटरी फुगून फुटते. म्हणून सुरू न होणाऱ्या गाडीला सेल्फ मारत बसणं ही इथली सगळ्यात वाईट सवय. दोनदा मारून बघावं, मग थांबावं.

तर ती काळी वायर. इंजिनाच्या पोटात, पाणी फिरतं त्या जागी, एक छोटा हीटर बसवलेला असतो. चारशे ते हजार वॅटचा. आपण पाणी म्हणतो, पण असतं कूलंट, ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं. नुसतं पाणी शून्याला गोठतं, नुसतं ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास, पण दोन्ही एकत्र केली की उणे सदतीसपर्यंत पातळ राहतात. हीटर हे कूलंट तापवतो आणि कूलंट भोवतालच्या लोखंडाला ऊब देतं. निघायच्या आधी तीन-चार तास पुरे, रात्रभर जाळायची गरज नसते, म्हणून आम्ही टायमर लावतो. वायर खोचल्यावर मी गाडीजवळ वाकून कान देतो. आतून बारीक चुरचुर ऐकू येते. आधण ठेवल्यावर भांड्याच्या तळाशी जो पहिला आवाज होतो, तसा. तो ऐकल्याशिवाय मी घरात जात नाही. वायर खोचली म्हणजे हीटर चालूच आहे असं नसतं, वायर आतून तुटलेलीही असू शकते.

पहिल्यांदा हे सगळं ऐकलं तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "अगं, हा तर नानांचा बंब." तेव्हापासून आमच्याकडे तो बंबच. हा हीटर काढला अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटामध्ये, आणि १९४९ साली त्याला पेटंट मिळालं. खेड्यापाड्यांत वीज पोचवणाऱ्या एका सहकारी संस्थेचा तो कारभार बघायचा. शेतकऱ्याच्या घरी वीज आली, आता त्या विजेने त्याची गाडीही पहाटे सुरू व्हावी, या विचाराची साखळी मला लगेच ओळखू येते. मी सहकारी कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या मुलखातला आहे. नाना आणि फ्रीमन भेटले असते तर बादली आणि वायर यांच्यावर त्यांनी रात्र काढली असती.

आता ती रात्र.

आम्ही २००८ च्या सप्टेंबरात इथे आलो. लेक दोन वर्षांची. सेकंडहँड गाडी घेतली, टायर 'ऑल सीझन' होते, आणि सगळे ऋतू म्हटल्यावर हिवाळाही त्यात आलाच असं मी धरून चाललो. डिसेंबरात कॅल्गरीला मित्राकडे जाऊन परत येत होतो. एडमंटन आणि कॅल्गरीच्या मधला हायवे सुमारे तीनशे किलोमीटरचा, सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना उघडी शेतं. लाकोम गाव मागे पडलं, पोनोका यायचं होतं. इथे डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे सहाला मध्यरात्रीसारखा अंधार. वारा आडवा होता. बर्फ पडत नव्हता, पण शेतातला बर्फ उडून जमिनीलगत रस्ता ओलांडत होता, आणि डांबर कुठे संपतं ते दिसत नव्हतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम जवळ आल्यासारखे वाटले आणि मी ब्रेक दाबला. गाडी फिरली. जाणाऱ्या आणि येणाऱ्या रस्त्यांच्या मधे रुंद, खोलगट गवताचा पट्टा आहे, त्यात मागच्या बाजूने जाऊन रुतली.

कुणाला काही लागलं नाही. इंजिन चालू होतं, हीटर चालू होता. मदतीसाठी फोन केला, त्यांनी गाडीतच थांबायला सांगितलं, त्या रात्री रस्ताभर अशा गाड्या घसरल्या होत्या. बाहेर उणे सत्तावीस. टाकी पाव भरलेली. फावडं नाही, घोंगडी नाही, बायकोच्या पर्समध्ये बिस्किटांचा अर्धा पुडा. मी काचा घट्ट बंद केल्या, गाडी चालूच ठेवली आणि मनात म्हणालो, ऊब आहे तोवर काळजी नाही. लेक झोपली. तासाभराने बायको म्हणाली, डोकं दुखतंय. दिवसभराच्या प्रवासाचं असेल, मी म्हणालो. लेक शांत झोपली होती. मी तिला झोपू दिलं.

मग मागे काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर बॅटरीच्या उजेडात एक माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी आमच्या गाडीमागचा बर्फ उपसत होता. आमच्याकडे त्याने बघितलंही नव्हतं. काचेवर टकटक केली नव्हती, बरे आहात का विचारलं नव्हतं. आधी मागे गेला. सायलेन्सरची नळी बर्फात पूर्ण बुजली होती. ती मोकळी करून मग तो माझ्या दारापाशी आला, दार स्वतःच ओढून उघडलं, हात आत घालून इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बाळाला उठवा."

लेक उठली, रडली. त्या रडण्यासारखा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

धूर बाहेर जायला वाट नसली की कार्बन मोनॉक्साइड गाडीखालून आत झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गुंगी येणं, एवढीच त्याची खूण. हे त्याने आम्हाला त्याच्या पिकअपमध्ये बसवल्यावर सांगितलं. साठीचा असावा, हातमोजे भिजून ताठ झालेले, तिथलाच शेतकरी. साखळी लावून त्याने गाडी वर ओढून दिली. जाताना सीटमागून कॉफीचा एक लाल पत्र्याचा डबा काढला. डब्यात जाड मेणबत्ती आणि झाकणाच्या बाटलीत काडेपेटी. म्हणाला, पुढच्या वेळी हिवाळ्यात अडकलात तर इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा, दर वेळी आधी खाली उतरून नळी बघा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवा, बाकी वेळ ही मेणबत्ती. एका मेणबत्तीने गाडीतली हवा कडक थंडीत टिकून राहण्याइतकी ऊबदार राहते. आणि गाडी सोडून चालत जाऊ नका, कितीही जवळ उजेड दिसला तरी. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

तो डबा अजून आहे. रंग उडालाय, तळाला गंज धरलाय. मेणबत्ती आम्ही दर दसऱ्याला बदलतो.

लोक मला हिवाळ्याची तयारी विचारतात तेव्हा टायरपासून सुरुवात करतात. मी फावड्यापासून करतो. छोटं, दांडा दुमडणारं फावडं, आणि ते डिकीत नाही, ड्रायव्हरच्या सीटमागे. गाडी मागच्या बाजूने रुतली तर डिकी उघडतच नाही, मग आत ठेवलेल्या जय्यत सामानाचा उपयोग काय? घोंगडी, डबा, टॉर्च, सुकामेवा, सगळं हाताशी. वाळूची एक पिशवी, चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर त्याखाली टाकायला. काच धुवायचं निळं पाणी उणे चाळीसचं बघून घ्यायचं. उन्हाळ्यातलं तसंच राहिलं असेल तर ते चालत्या गाडीत काचेवर उडताक्षणी गोठतं आणि समोरचं सगळं पांढरं होतं. आणि टाकी. पाव टाकी म्हणजे इथे रिकामी टाकी. अर्ध्यावर काटा आला की भरायची, स्वस्त पंप पुढे आहे म्हणून थांबायचं नाही.

टायरचं मात्र नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात फसगत मोठी आहे. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. बर्फ असो वा नसो. उणे वीसला त्यावर अंगठा दाबून बघा, नारळाची करवंटी दाबल्यासारखं वाटेल. हिवाळी टायरचं रबर त्याच थंडीत दाबलं तर जरासं दबतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्या बर्फावर उघडतात आणि कडा रुतवून पकड घेतात. खरं हिवाळी टायर ओळखायची खूण बाजूवर असते, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती चिखल-बर्फाची जुनी खूण, तिच्यावर विसंबू नये. आणि टायर चारही बदलायचे. पुढचे दोन पकड घेणारे आणि मागचे दोन घसरणारे, अशी गाडी वळणावर मागून फिरते. आमची फिरली तशी.

जगातलं पहिलं हिवाळी टायर फिनलंडमधल्या एका कंपनीने १९३४ साली काढलं, ट्रकसाठी. दोन वर्षांनी त्याच कंपनीने मोटारीसाठी काढलं आणि त्याला नाव दिलं हाक्कापेलिट्टा. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं. स्वीडनच्या सैन्यात ते हलक्या घोडदळात लढायचे आणि त्यांच्या रणघोषावरून त्यांना हे नाव पडलं होतं. 'हर हर महादेव' म्हणत तुटून पडणारी माणसं ज्या मुलखात झाली तिथल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मी ते टायर घेतले तेव्हा मला त्या नावाचा आधार वाटला होता, हे खरं आहे.

क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आता तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ते लागतातच. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या बहुतेक हायवेंना १ ऑक्टोबरपासून नियम आहे. आमच्या अल्बर्टात सक्ती नाही. ती असावी असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन आलेल्या माणसाला घरभाडं, डिपॉझिट, मुलांचे कोट यांत टायरचा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे, मी त्यातून गेलोय. पण पर्याय आहे म्हटलं की तोच खर्च आधी मागे पडतो. माझाही पडला होता. भारतातून नवीन आलेलं कुणी विचारलं की मी सांगतो, पहिला हिवाळा जुने वापरलेले हिवाळी टायर घ्या, पण घ्या. फक्त बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा. ३६१९ असेल तर २०१९ च्या छत्तिसाव्या आठवड्यातलं टायर. फार जुनं असेल तर चिरा खोल दिसल्या तरी रबर मेलेलं असतं.

बंबाबद्दलची एक संध्याकाळ सांगायची राहिली. १३ जानेवारी २०२४, शनिवार. काही दिवस थंडीने कहर केला होता, पारा उणे पस्तिशीच्याही खाली. दुसऱ्या दिवशी भोगी. बायको बाजरीच्या भाकरीसाठी तीळ भाजत होती. पावणेसातच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा होता. प्रांताची वीज पुरेनाशी झालीय, गरज नसलेलं सगळं ताबडतोब बंद करा, नाहीतर भागाभागाने वीज तोडावी लागेल. काय काय थांबवा याच्या यादीत इंजिनचे हीटरही होते. बायकोने शेगडी बंद केली, तीळ निम्मे कच्चे तसेच कढईत राहिले. मी कोट घालून बाहेर गेलो आणि बंबाची वायर काढली. त्या थंडीत ती वायर वेटोळं होत नाही, काठीसारखी ताठ राहते. ती हातात धरून उभा होतो तर समोरच्या घराचं दार उघडलं, त्यांचीही वायर निघाली. कोपऱ्यावरचा ट्रकवालाही खाली आला. कुणी कुणाशी बोललं नाही, हात तेवढे वर केले. रस्त्यावरच्या खिडक्या एकेक करून विझल्या. काही मिनिटांतच मागणी दीडशे मेगावॅटने उतरली, असं नंतर जाहीर झालं. वीज कुणाचीच तोडावी लागली नाही. दोनेक तासांनी इशारा मागे घेतला, बायकोने उरलेले तीळ भाजले, मी पुन्हा बाहेर जाऊन वायर खोचली आणि कान दिला.

निफाडला पहाटे एका बागेत शेकोटी पेटली की शेजारच्या बागेत पेटायची, मग पलीकडच्या. अर्ध्या तासात सगळ्या शिवारावर धूर उभा राहायचा. त्या रात्री इथे दिवे विझताना बघून मला तो धूर आठवला.

त्याच वर्षी लेक कॅल्गरीला शिकायला गेली. जुनी गाडी तिला दिली. दसरा १२ ऑक्टोबरला आला, शनिवारी, आणि सोमवारी इथल्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी, म्हणून ती घरी आली होती. रात्री पारा सातच्या खाली जायला लागलाच होता. दसऱ्याला गाडीची पूजा आणि दसऱ्यालाच टायर बदलायचे, ही आमच्या घरातली रीत. गेली पंधरा-सोळा वर्षं हे काम मी करत आलो आणि ती शेजारी बसून नट मोजायची. या वेळी मी म्हणालो, तू कर.

तिने पाना लावून आधी चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. हे मी सांगितलं नव्हतं, बघून बघून तिला आलं होतं. मागचं डावं चाक निघेना. नट सगळे काढले तरी चाक हबला गंजाने धरून बसलं होतं. तिने खाली बसून दोन्ही टाचांनी टायरला आलटून पालटून धक्के दिले. चौथ्या धक्क्याला सुटलं. मी तिला तारेचा ब्रश दिला आणि हबवरचा गंज दाखवला. चाक त्यावर सपाट बसलं पाहिजे, मधे गंजाचा पापुद्रा राहिला तर नट आज घट्ट वाटतात आणि पापुद्रा चुरला की सैल होतात. तिने नुसतं घासलं नाही, बोट फिरवून बघितलं, पुन्हा घासलं, पुन्हा बोट फिरवलं. मग नवीन चाक चढवलं, नट हाताने बसवले, जॅक उतरवला, आणि टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे नट आवळत गेली. प्रत्येकाला 'कट्' असा आवाज येईपर्यंत. आवाज आला की ती थांबायची. मला वाटलं होतं ती आणखी जोर लावेल, माणूस लावतोच. तिने लावला नाही.

"हवा किती ठेवू, बाबा?"

मी सांगितलं, दारावरच्या पाटीवर लिहिलंय तेवढीच, पण गॅरेजमध्ये भरू नकोस, गाडी बाहेर थंड झाल्यावर भर. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की टायरची हवा साधारण एक पीएसआय उतरते. ऑक्टोबरात बरोबर भरलेली गाडी जानेवारीत सात-आठने कमी दाखवते आणि आपल्याला वाटतं चाक पंक्चर आहे.

मग पूजा. आपट्याची पानं इथे कुठून येणार? पण ऑक्टोबरात पॉप्लरची पानं पिवळीधमक होऊन अंगणभर पडलेली असतात. बायको ती वेचून आणते. तीच आमचं सोनं. लेकीने बोनेटवर स्वस्तिक काढलं, चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं, आणि जाळीतून लोंबणाऱ्या प्लगलाही एक बोट लावलं. नारळ फोडला. लाल डब्यातली जुनी मेणबत्ती काढून नवीन ठेवली, काडेपेटीतली एक काडी ओढून बघितली, पेटली. डबा आमच्या गाडीतून काढून तिने स्वतःच्या सीटमागे फावड्याशेजारी ठेवला. मी काही बोललो नाही. बायको माझ्याकडे बघत होती.

कॅल्गरीत ती राहते तिथे गाडी रस्त्यावर उभी करावी लागते. सॉकेट नाही. बंब पेटवायची सोय नाही. मला रात्री झोप लागली नाही. नवीन बॅटरी बसवली होती, ऑइल बदललं होतं, कूलंट मोजलं होतं, सगळं होतं, तरी. नानांना उतार होता. मला भिंत आहे. तिला यातलं काहीच नाही, ही गोष्ट मनातून जाईना. सकाळी तिनेच सांगितलं, कॉलेजच्या एका पार्किंगमध्ये खांबांना सॉकेट आहेत, उणे वीसच्या पुढे गेलं की रात्री गाडी तिथे लावायची आणि चालत घरी यायचं, असं तिने आणि तिच्या मैत्रिणीने ठरवलंय. बारा मिनिटांचं अंतर. हे तिने सप्टेंबरातच हेरून ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी ती निघाली. बदललेल्या चाकांचे नट शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासायचे असतात. टॉर्क पाना तिने बरोबर घेतला होता. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. लेडूक गेलं असेल. पोनोका गेलं असेल. लाकोम. पोनोका आणि लाकोमच्या मधला तो पट्टा मी अजून न बोलता पार करतो, तिला तो नेमका कुठे हे मी कधी दाखवलेलं नाही.

दीड तासाने रेड डिअरहून फोन आला. मागे ट्रकांचा आवाज होता.

"झाले बघून. एकच नट जरा फिरला, पाव फेरा."

"कुठला?"

"मागच्या डाव्या चाकाचा. आता कट् म्हणाला. निघते."